कॉर्न्ड बीफ चिवट का होतं आणि कोबी घरभर का वास मारतो

ताई, आधी तुमचं म्हणणं मला नीट कळलंय का ते सांगतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जावई बॉस्टनचा, आयरिश-अमेरिकन घरातला, आणि त्याच्याकडे दरवर्षी १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला, कॉर्न्ड बीफ, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेलं बीफ, आणि कोबी व्हायचा. विहीणबाई आता नाहीत, म्हणून यंदा ती सगळी मंडळी तुमच्याकडे जेवायला येणार. तालीम म्हणून तुम्ही सुपरमार्केटातून चार पाउंडाचं पाकीट आणलंत, बटाटे गाजर कोबी सगळं पहिल्यापासून आत टाकून दीड तास दणकून उकळलंत, आणि मांस चिवट, पाणी तोंडात धरवेना इतकं खारट, बटाट्याचा लगदा, कोबीचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत घरात. वर जावई म्हणाला की आईचं असं गुलाबी नसायचं, करडं असायचं. मुलगी बीफ खात नाही तिचं काय करायचं तेही विचारलंय. आणि शेवटी आपला खास प्रश्न, कुकरला लावलं तर शिट्ट्या किती.

मी वसईचा, बॉस्टनच्या आजूबाजूच्या किचनमध्ये बरीच वर्षं उभा आहे आणि मार्चचा पहिला पंधरवडा म्हणजे आमच्याकडे मोठमोठे टोप भरून हेच शिजत असतं, त्यामुळे तुमच्या टोपात काय झालं असेल ते डोळ्यासमोर येतंय. शिट्ट्यांचं मागाहून सांगतो.

पहिली गोष्ट, तुमचं मांस जास्त शिजून चिवट झालं नाही, ते कमी शिजलं. हे पटायला जड जातं कारण दीड तास उकळल्यावर आपल्याला वाटतं आता अजून शिजवलं तर दगड होईल. पाकिटातलं मांस असतं ब्रिस्केट, म्हणजे आपला खाटीक ज्याला सीना म्हणतो तो छातीचा भाग. गाईगुरांना आपल्यासारखं गळ्याखालचं आडवं हाड नसतं, त्यामुळे पुढच्या धडाचा सगळा भार छातीच्या या स्नायूंवर येतो, आणि जो स्नायू दिवसभर राबतो त्यात कोलॅजन भरपूर, म्हणजे ते पांढरं चिवट जाळं. साधारण ७० डिग्री सेल्सियसच्या पुढे मांसाचे धागे आवळून घेतात आणि पाणी सोडतात, पण कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला त्याच्यावरच्या तापमानात तासन्‌तास जावे लागतात. म्हणजे मधे एक वाईट काळ असतो जेव्हा पाणी गेलंय आणि जाळं अजून तसंच आहे. तुम्ही नेमकं तिथे गॅस बंद केलात. पाया करताना आपण दोन तासांनी हाडं कडक लागली म्हणून टोप उतरवत नाही ना, रात्रभर ठेवतो, तोच हिशोब इथे.

दुसरी गोष्ट आच. रटरट उकळलं की बाहेरचा भाग आवळत जातो, कडा फाटून चिंध्या होतात आणि आतला भाग मात्र मागेच राहतो. पाणी ८५ ते ९५ डिग्रीच्या मधे हवं, थर्मामीटर नसेल तर टोपात बघायचं, एखाद-दुसरा बुडबुडा कडेने वर येतोय, पाण्याचा पृष्ठभाग नुसता थरथरतोय, एवढंच. झाकण पूर्ण लावलंत की नकळत उकळी चढते म्हणून थोडं तिरकं ठेवा. आमच्याकडे खरं तर आम्ही टोप गॅसवर ठेवतच नाही, एकदा पाणी तापलं की झाकण लावून ओव्हनमध्ये ३०० फॅरेनहाइटला ढकलतो कारण चारी बाजूंनी सारखी उष्णता मिळते आणि कोणाला आचेवर लक्ष ठेवत बसावं लागत नाही. घरी ओव्हनमध्ये मावेल असं जाड बुडाचं झाकणाचं भांडं असेल तर मी तुम्हाला तेच सांगेन.

वेळेचा ठोकताळा म्हणजे पाउंडामागे साधारण एक तास. चार पाउंडाला साडेतीन ते चार तास धरा. अमेरिकन सरकारी नियमाप्रमाणे १४५ फॅरेनहाइट म्हणजे ६३ सेल्सियस आतपर्यंत गेलं की मांस खायला सुरक्षित, पण सुरक्षित आणि मऊ यात फार अंतर आहे, मऊ व्हायला आतलं तापमान १९५ ते २०० फॅरेनहाइटपर्यंत जाऊन तिथे थोडा वेळ रेंगाळायला हवं. आकड्यापेक्षा काटा खरं सांगतो. जाड बाजूला काटा उभा खुपसा आणि वर उचला. मांस काट्याबरोबर वर आलं तर अजून वेळ आहे. काटा अलगद सुटून आला आणि आत जाताना काही अडलं नाही तर झालं. तीन तासांनी पहिल्यांदा बघा, मग दर वीस-पंचवीस मिनिटांनी. फार पुढे गेलात तर काप न पडता भुगा होतो, तो सँडविचला चालतो पण ताटात बरा दिसत नाही.

आता खारटपणा. पाकिटात मांस आधीच मिठाच्या पाण्यात मुरवलेलं असतं, त्यामुळे वरून मीठ अजिबात घालायचं नाही, एक चिमूटभरही नाही, हे घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा कारण टोपाशेजारून जाणारा प्रत्येक माणूस चव न बघता मीठ टाकतो असा माझा अनुभव आहे. आदल्या रात्री पाकीट फोडून वाहत्या पाण्याखाली मांस धुवा आणि गार पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, झोपण्याआधी एकदा पाणी बदललं तर उत्तम. दुसऱ्या दिवशी ताज्या पाण्यात टोप चढवा, मांसाच्या वर एखादा इंच पाणी राहील एवढं, चरबीची बाजू वर. पहिला उमाळा यायला लागला की करडा फेस वर जमतो तो डावाने काढा आणि पाणी चाखा. घोटभर पिऊन टाकता आलं, सूप म्हणून चाललं असतं, तर पुढे जा. तोंड वाकडं झालं तर सगळं पाणी ओता आणि नवीन घ्या. पाणी ओतताना चव जाते असं म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा, चार तास शिजताना सीना पुरेशी चव सोडतो.

पाकिटात मसाल्याची छोटी पुडी असते ती याच वेळी घाला. उघडून बघितलीत तर अर्धा आपला मिसळणाचा डबा निघेल, मोहरी, धने, मिरी, तमालपत्र, कधी लवंग, वर थोडा ऑलस्पाइस आणि लाल मिरचीचे तुकडे. फोडणी करायची नाही. भाजायचं नाही. मला माहितेय हात शिवशिवतो, पण हा पदार्थ मुद्दाम सौम्य असतो आणि त्याचा तिखटपणा ताटात शेजारी ठेवलेल्या मोहरीच्या सॉसमधून आणि हॉर्सरॅडिशमधून, म्हणजे मुळ्यासारख्या एका झणझणीत मुळाच्या किसातून, येतो. एक कांदा अर्धा कापून, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, एवढं घातलंत तर कोणी काही बोलणार नाही. आलं, हळद, गरम मसाला घातलात तर चविष्ट होईल यात शंका नाही, फक्त जावयाला आईची आठवण येणार नाही.

मांस विकत घेतानाची एक गोष्ट राहिली. पाकिटावर फ्लॅट किंवा पॉइंट असं लिहिलेलं असतं. सीन्याचे ते दोन स्नायू. फ्लॅट चपटा, कमी चरबीचा, काप सुबक पडतात पण जरा दुर्लक्ष झालं की कोरडा. पॉइंट जाडजूड, मधेमधे चरबी, दिसायला ओबडधोबड आणि चवीला माझ्या मते दुप्पट चांगला, शिवाय स्वस्त. पाहुण्यांसमोर काप मांडायचे म्हणून बहुतेक लोक फ्लॅट उचलतात. तुम्ही एक फ्लॅट एक पॉइंट घ्या आणि एकाच टोपात शिजवा. शिजल्यावर एक तृतीयांश तरी आटतं, म्हणून माणशी कच्चं पाउणएक पाउंड धरायचं, दहा माणसांना आठ पाउंड. मार्चच्या सुरुवातीला दुकानं भाव पाडतात तेव्हाच घेऊन टाका.

आता तो करड्या रंगाचा मुद्दा, आणि मला वाटतं तुमच्या अख्ख्या प्रश्नात जावयासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. गुलाबी रंग येतो सोडियम नायट्राइटमुळे. नायट्राइटपासून तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला धरून बसतो आणि मग मांस कितीही शिजवा, गुलाबीच राहतं. नुसत्या मिठात मुरवलेलं मांस शिजल्यावर साध्या उकडलेल्या मटणासारखं करडं-तपकिरी दिसतं. अमेरिकेत बाकी सगळीकडे गुलाबी चालतं, पण बॉस्टन आणि न्यू इंग्लंडच्या बाजूला जुन्या आयरिश घरांमध्ये करडंच खरं असं मानतात, ते गुलाबीपेक्षा जास्त खारट आणि मांसाची चव जास्त उघड लागणारं असतं. म्हणजे जावई जे म्हणतोय ते लहानपणची पुसट आठवण वगैरे नाही, तो अगदी नेमकं सांगतोय. तुम्ही बॉस्टनजवळ राहता तर काम सोपं आहे, मार्चमध्ये इथल्या दुकानांत आणि खाटकांकडे ग्रे कॉर्न्ड बीफ असं लिहिलेलं मिळतं, विचारून घ्या, आणि ते रात्रभर भिजवणं टाळू नका कारण त्यात मीठ खरंच जास्त असतं.

नाहीच मिळालं तर घरी करता येतं. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम मीठ, आयोडीन नसलेलं, विरघळवून उकळायचं, त्यातच मिरी तमालपत्र मोहरी, मग पूर्ण गार करायचं आणि साधं ताजं ब्रिस्केट त्यात बुडवून वर बशी-वजन ठेवून फ्रिजमध्ये सहा-सात दिवस, रोज एकदा उलटायचं. फ्रिज ४ डिग्रीच्या खाली हवा, इथे तडजोड नको. मग आदल्या दिवशी बाहेर काढून गोड्या पाण्यात रात्रभर, दोनदा पाणी बदलून.

गुलाबी घरी करायचं असेल तर क्युरिंग सॉल्ट नंबर १ लागतं. त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं आणि बाकी साधं मीठ, आणि चुकून जेवणात पडू नये म्हणून मुद्दाम गुलाबी रंग दिलेला असतो. आणि इथेच आपल्या लोकांचा घोळ होतो, कारण आपल्याकडे पिंक सॉल्ट म्हणजे सैंधव. सैंधवाचा या कामात काही उपयोग नाही, ते नुसतं मीठ आहे, आणि उलट क्युरिंग सॉल्ट सैंधव समजून कोशिंबिरीत घातलं तर जीवावर बेतू शकतं. बरणीला मोठं लेबल लावा आणि मिसळणाच्या डब्यापासून लांब ठेवा. माप वजनानेच घ्यायचं, चमच्याने नाही. दोन किलो मांस आणि दोन लिटर पाणी म्हणजे एकूण चार किलो, त्याला १०० ग्रॅम मीठ, १० ग्रॅम क्युरिंग सॉल्ट, ४० ग्रॅम साखर, आणि फ्रिजमध्ये सात दिवस. हे मोजून घेतलेलं पाणी असल्यामुळे मांस ठरलेल्यापेक्षा जास्त खारट होत नाही, एखादा दिवस वर गेला तरी बिघडत नाही, आणि भिजवायची भानगडही फारशी राहत नाही.

नायट्राइटच्या आधी लोक सोरा वापरायचे, पोटॅशियम नायट्रेट. अठराव्या शतकात जगभर जाणारा सोरा मोठ्या प्रमाणावर बिहारमधून निघायचा, पाटण्याहून ईस्ट इंडिया कंपनी जहाजं भरून न्यायची, मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी, पण तोच सोरा मांस मुरवायलाही. आमच्याकडे ईस्ट इंडियन, म्हणजे वसई-मुंबईकडच्या जुन्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक, आणि गोवेकर घरांत नाताळला आणि लग्नाला सॉल्टेड टंग करतात, मीठ, लिंबू आणि सोरा चोळून मुरवलेली जीभ, कापली की आत तोच गुलाबी रंग. मला पहिल्यांदा इथे कॉर्न्ड बीफ दिसलं तेव्हा नवीन असं काही वाटलंच नाही.

आणि जावयाच्या घरात याला आयरिश जेवण म्हणतात म्हणून थोडं सांगून ठेवतो, टेबलावर विषय निघतोच. आयर्लंडमधून कोणी पाहुणा आला असेल तर तो म्हणेल आम्ही हे खात नाही, आमच्याकडे बेकन आणि कोबी असतो, म्हणजे मुरवलेलं डुकराचं मांस उकडून, वर पार्सलीचा पांढरा सॉस. दोघंही बरोबर आहेत. १६६३ आणि १६६७ च्या कॅटल ॲक्ट्सनी इंग्लंडने आयर्लंडहून जिवंत गुरं आणणं आधी महाग केलं आणि मग बंदच केलं, तेव्हा आयर्लंडवाल्यांनी मांस खारवून पिंपांत भरून विकायला सुरुवात केली आणि कॉर्क बंदर त्याचं मोठं ठाणं झालं. ती पिंपं जायची नौदलाला, कॅरिबियन बेटांवर, फ्रेंचांना. पिकवणाऱ्या गरीब आयरिश माणसाच्या ताटात मात्र बटाटा, आणि जमलं तर डुक्कर. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो लोक अमेरिकेत आले, आणि इथे चित्र उलटं, डुकराचं बेकन परवडेना आणि बीफ त्या मानाने स्वस्त. न्यूयॉर्कमध्ये शेजारी ज्यू वस्ती, त्यांचे कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियम पाळणारे, खाटीक ब्रिस्केट खारवून विकायचे, कोबी तर सगळ्यात स्वस्त भाजी. तेव्हा बेकनच्या जागी हे बसलं आणि सणाचं जेवण झालं. त्यामुळे हा पदार्थ पक्का आयरिश-अमेरिकन आहे, आणि जावयाच्या घरी तो खरा आहे तेवढं पुरे. एक गंमत म्हणजे १७ मार्च नेहमी उपासाच्या दिवसांत, लेंटमध्ये, येतो आणि शुक्रवारी आला तर कॅथलिकांना मांस वर्ज्य, मग बरेच बिशप त्या दिवसापुरती सूट जाहीर करतात. २०१७ आणि २०२३ ला असं झालं, पुढचा असा शुक्रवार २०२८ ला आहे.

बरं, भाज्या. तुमची अर्धी फजिती इथे झाली. मांसाला चार तास लागतात आणि बटाट्याला वीस मिनिटं, दोघांना एकत्र टाकलं की एक तरी वाया जाणारच. मांस झालं की ते टोपातून काढा, खोल ताटात ठेवून वर दोन डाव पाणी घाला आणि फॉइलने घट्ट झाका. त्याला अर्धा तास विश्रांती हवीच असते, आणि तोच अर्धा तास भाज्यांचा. टोपातलं पाणी गाळा, वरची चरबी डावाने थोडी काढा, सगळी नको, कोबीला तीच चव देते. आच मोठी करा, आता उकळी चालते. आधी छोटे लाल बटाटे सालासकट आणि गाजराचे जाड तुकडे, आणि मिळालं तर रुटाबागा, पिवळट सलगम असतं ते, न्यू इंग्लंडच्या घरांत ते असतंच. पंधरा मिनिटांनी कोबी.

कोबी बारीक चिरायचा नाही. गड्डा उभा कापून आठ फाका करा आणि आतला दांडा काढू नका, दांड्यामुळेच पानं धरून राहतात, काढला की टोपभर पानं सुटी होऊन तरंगायला लागतात. फाका बटाट्यांवर रचा, अर्ध्या पाण्यात अर्ध्या वर राहिल्या तरी चालतील, झाकण लावा आणि बारा ते पंधरा मिनिटं. सुरी दांड्यात सहज गेली पाहिजे पण पान अजून हिरवट दिसलं पाहिजे. तुमच्या घरात जो वास राहिला तो कोबीतल्या गंधकाचा, कोबी जेवढा जास्त शिजेल तेवढी ती संयुगं सुटत राहतात, दीड तास म्हणजे कळस झाला. पंधरा मिनिटांत उतरवलात तर कोबी गोड लागतो.

मुलीसाठी दुसरं पातेलं लावा. त्याच भाज्या साध्या मिठाच्या पाण्यात, वर भरपूर बटर, मिरपूड आणि पार्सली. किंवा कोलकॅनन करा, तो अस्सल आयरिश आहे आणि मुळात बिनमांसाचा, म्हणजे बटाट्याचं मऊ भरीत, त्यात उकडलेला कोबी किंवा केल नावाची पालेभाजी, कांद्याची पात घालून तापवलेलं दूध आणि मधे खळगा करून वितळलेलं बटर. माझ्या अनुभवाने मांस खाणारे सुद्धा आधी हेच संपवतात म्हणून जास्त करा. सोडा ब्रेडही सोपा आहे, मैदा, मीठ, खायचा सोडा आणि ताक, मळायचं नाही, नुसतं गोळा करून वर फुली मारायची आणि ओव्हनमध्ये. इथलं बाटलीतलं बटरमिल्क आपल्या ताकापेक्षा दाट असतं, घरचं पातळ ताक घेतलंत तर थोडं कमी घाला.

कुकर. चालतो, आणि खरं सांगायचं तर आठवड्याच्या एखाद्या दिवशी मी स्वतः घरी कुकरच लावतो. फक्त हे शिट्ट्या मोजायचं काम नाही, मिनिटं मोजा. आपल्या प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाब आला, पहिली शिट्टी झाली, की आच अगदी बारीक करून तीन पाउंडाच्या तुकड्याला पन्नास मिनिटं ते तास. पाणी मांसाच्या निम्म्यापर्यंत तरी हवं, एवढा वेळ कुकर चालतो म्हटल्यावर बूड लागायची भीती असते, आणि कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. इन्स्टंट पॉटमध्ये, म्हणजे विजेच्या प्रेशर कुकरमध्ये, दाब थोडा कमी असतो म्हणून तिथे ८५ ते ९० मिनिटं. दोन्हीकडे वाफ आपोआप उतरू द्या, शिट्टी उचलून सोडलीत तर आतलं पाणी एकदम खदखदतं आणि मांस कोरडं पडतं. मग मांस बाहेर, आणि भाज्या त्याच पाण्यात उघड्यावर शिजवा, कुकरमध्ये नाही. चव नव्वद टक्के तशीच येते, काप मात्र टोपातल्यासारखे नीट पडत नाहीत, म्हणून पाहुण्यांच्या दिवशी टोपच. स्लो कुकर असेल तर लो वर नऊ-दहा तास, सकाळी लावून कामाला जाणाऱ्यांना सोयीचं.

काप. इथे चार तासांची मेहनत दोन मिनिटांत घालवता येते म्हणून सावकाश घ्या. मांस पाटावर ठेवा, वरची चरबी सुरीच्या पाठीने बाजूला करा, आणि खाली बघा, धागे कुठल्या दिशेने जातायत ते उघड दिसतं, लांब दोरे एकाला एक लागून पडलेले असावेत तसे. सुरी त्यांना आडवी चालवायची, पेन्सिलीएवढ्या जाडीचे काप. धाग्यांच्या दिशेने कापलं तर प्रत्येक घासात पूर्ण लांबीचे दोरे येतात आणि कितीही मऊ शिजलेलं मांस चघळत बसावं लागतं, तुमच्या तालमीच्या दिवशी हेही झालं असण्याची शक्यता आहे. फ्लॅट आणि पॉइंट एकत्र जोडलेले असतील तर दोघांचे धागे वेगवेगळ्या दिशांना असतात, आधी त्यांच्यामधल्या चरबीच्या थरातून त्यांना वेगळं करा, मग पाट फिरवून कापा. कापल्यावर लगेच एक डाव गरम पाणी वरून, नाहीतर टेबलावर जाईपर्यंत कडा सुकतात.

सहाला जेवण असेल तर दुपारी दीडला टोप चढवा. मांस लवकर झालं तर काही अडत नाही, झाकून गरम पाण्यात तासभर छान राहतं, उशीर झाला तर मात्र पाहुणे चीज-क्रॅकर्स खाऊन पोट भरतात. आदल्या दिवशी शिजवून त्याच पाण्यात फ्रिजमध्ये ठेवलंत तर अजूनच बरं, गार मांसाचे काप सुरेख पडतात, मग पाण्यात हलकेच गरम करायचे.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण कोणीतरी विचारेलच. २०१५ पासून राज्यात गाय, बैल, वळू तिन्हींवर बंदी आहे, मिळतं ते म्हशीचं. म्हशीचा सीना घेऊन हे होतं, चरबी कमी आणि धागे जाड असतात म्हणून तास-दीड तास जास्त धरा आणि कुकरमध्ये करणंच शहाणपणाचं. डब्यातलं कॉर्न्ड बीफ ही वेगळी वस्तू आहे, बारीक करून दाबलेलं, दक्षिण अमेरिकेतून आलेलं, त्याचा या टोपाशी संबंध नाही. आणि घरात कोणाला ब्लड प्रेशर असेल तर त्यांना काप एक-दोनच वाढा, कितीही भिजवलं तरी मीठ राहतंच, हे वर्षातून एकदा-दोनदा खायचं जेवण आहे.

उरलेलं मांस फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं, आणि मुद्दाम उरवाच. राय ब्रेडवर काप, सॉरक्रॉट म्हणजे आंबवलेला कोबी, स्विस चीज, रशियन ड्रेसिंग नावाचा मेयोनीजचा सॉस, तव्यावर बटरमध्ये दाबून भाजलं की रुबेन सँडविच. पण बॉस्टनच्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी हॅश असतो. मांस आणि उकडलेले बटाटे नखाएवढे चिरा, कांदा, बिडाच्या तव्यात बटर चांगलं तापवून पसरा आणि उलथन्याने दाबून सहा-सात मिनिटं हात लावू नका, खाली तपकिरी खरपूस पापुद्रा धरला की मगच तुकड्या-तुकड्यांनी उलटा, आणि वर अंडं फोडा. मिश्रणात उकडलेलं बीट घातलं तर त्याला रेड फ्लॅनेल हॅश म्हणतात. विहीणबाई बीट घालायच्या की नाही हे जावयाला आधी विचारून घ्या, या एका गोष्टीवर इथल्या घरांमध्ये खरंच वाद होतात.